देवमासा मासा नाही, समुद्रघोडा मात्र मासा आहे: उत्क्रांती आणि वर्गीकरणाचे शब्द

प्रश्न थोडक्यात असा होता: "प्रजाती म्हणजे नक्की काय? शाळेच्या पुस्तकात एक अर्थ, वर्तमानपत्रात दुसरा. उत्परिवर्तन, अनुकूलन, नैसर्गिक निवड यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण उदाहरण आलं की उत्तर चुकतं. माणूस माकडापासून झाला हे बरोबर की चूक? आणि सृष्टी पाच की अधिक्षेत्रं तीन, यातलं काय लिहायचं?"

मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवतो आहे. हा गोंधळ दरवर्षी माझ्यासमोर येतो आणि तो तुमच्या अभ्यासाचा दोष नाही. हे शब्द आपण घरात, बाजारात, बातम्यांत आधीपासून दुसऱ्याच अर्थाने वापरत असतो, आणि तो जुना अर्थ नव्या व्याख्येत डोकावत राहतो. म्हणून व्याख्या पुन्हा न सांगता प्रत्येक शब्द कुठे पाय घसरवतो ते सांगतो.

आधी प्रजाती, कारण याचं उत्तर सरळ आहे. मराठी परिभाषेत वरून खाली पायऱ्या अशा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे सर्वांत खालची पायरी जाती, आणि जवळच्या नात्यातल्या काही जाती मिळून एक प्रजाती. सिंह, वाघ, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या या पाच जाती. त्या पाचांची मिळून पँथेरा ही एक प्रजाती. हिंदीत मात्र सर्वांत खालच्या पायरीला 'प्रजाति' म्हणतात आणि तिच्या वरच्या पायरीला 'वंश'. हिंदीतला तो शब्द बातम्यांमधून मराठीत आला आणि 'पक्ष्यांच्या शंभर प्रजाती' असं सर्रास छापलं जाऊ लागलं. तिथे लेखकाला जातीच म्हणायचं असतं. बोलताना कोणी प्रजाती म्हटलं तर मी अडवत नाही, पण लिहिताना फरक पाळावा असं माझं ठाम मत आहे. 'नवी प्रजाती सापडली' या वाक्याचा मराठीत अर्थ फार मोठा होतो: नुसती नवी जाती नाही, तर आधीच्या कुठल्याच प्रजातीत न बसणारं काहीतरी सापडलं.

उलट बाजूचा घोटाळाही आहे. आपण 'कुत्र्यांच्या जाती' म्हणतो. अल्सेशियन, पग, डॉबरमॅन या जीवशास्त्राच्या जाती नाहीत. सगळे कुत्रे एकाच जातीचे, माणसाने निवडून पैदास केलेले हे वाण. माणसांच्या बाबतीत तर 'जात' आणि 'वंश' हे शब्द समाजाने घडवलेले आहेत. जीवशास्त्राला पृथ्वीवर आज माणसाची एकच जाती दिसते, होमो सेपियन्स.

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं: पहिला प्रजातीचा, दुसरा जातीची ओळख पटवणारा. वाघ म्हणजे पँथेरा टायग्रिस. इथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात, 'वाघाची जाती टायग्रिस' असं लिहितात. नुसतं टायग्रिस हे जातीचं नाव नव्हे. दोन्ही शब्द मिळून ते नाव होतं, कारण तोच दुसरा शब्द वेगळ्या प्रजातीतल्या प्राण्यालाही दिलेला असू शकतो. कार्ल लिनियसने ही पद्धत रुळवली. वनस्पतींची नावं त्याच्या 1753 च्या ग्रंथापासून आणि प्राण्यांची त्याच्याच दुसऱ्या एका ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीपासून ग्राह्य धरतात. चित्ता मोठ्या मांजरांसारखा दिसतो, तरी तो पँथेरा नाही. तो असिनोनिक्स जुबाटस. डीएनए तपासल्यावर त्याचं जवळचं नातं अमेरिकेतल्या प्यूमाशी निघालं.

मग जाती कशी ठरवायची? 1942 साली अर्न्स्ट मायरने दिलेली व्याख्या आजही सर्वांत जास्त वापरात आहे: निसर्गात ज्यांचा आपसांत संकर होतो आणि जननक्षम संतती होते, अशा सजीवांचा समूह. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, पण घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराच्या वाट्याला 63 येतात. जोड्या नीट लागत नाहीत, आणि खेचर बहुतेक वेळा वांझ निघतं. म्हणून घोडा आणि गाढव दोन जाती. व्याख्या सुबक आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. जीवाणू दोनाचे चार होत जातात, त्यांना संकराची कसोटी लावणार कशी? जीवाश्मांनाही ती लावता येत नाही. ध्रुवीय अस्वल आणि तपकिरी अस्वल या दोन जाती मानतो, तरी त्यांचा संकर निसर्गात आढळला आहे. विद्यार्थी विचारतात, "सर, मग व्याख्या चुकीची का?" चुकीची नाही. एका जातीच्या दोन जाती व्हायला वेळ लागतो, आणि आपण ज्या क्षणी पाहतो आहोत त्या क्षणी काही ठिकाणी ते काम अर्ध्यावर आलेलं असतं. उत्क्रांती खरी असेल तर सीमा पुसट सापडायलाच हव्यात.

आता वर्गीकरण. पुष्कळांना वाटतं की वर्गीकरण म्हणजे सोयीसाठी केलेले कप्पे, पुस्तकं कपाटात विषयवार लावावीत तसे. लिनियसच्या काळात ते दिसण्याच्या साम्यावरून होत असे. डार्विननंतर त्याचा अर्थच बदलला. आज वर्गीकरण म्हणजे वंशावळ. दोन सजीव एका कुलात ठेवले म्हणजे त्यांचा समान पूर्वज तुलनेने अलीकडचा आहे असं विधान केलं, आणि पुराव्याने ते विधान खोटंही ठरू शकतं.

हे समजायला मराठीतली प्राण्यांची नावंच घ्या, मी वर्गात तिथूनच सुरुवात करतो. देवमासा: नावात मासा, पण तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, सस्तन आहे. पाणघोडा: नावात घोडा, पण घोड्याच्या गणात तो नाही. समुद्रघोडा: नावात मासा कुठेच नाही आणि तो मात्र खराखुरा मासा, कल्ले असलेला. तारामासा मासा नाही, खवल्या मांजर मांजर नाही, पांढरी मुंगी म्हणजे वाळवी मुंगी नाही; वाळवीचं नातं झुरळांशी आहे. आणि यातलं सर्वांत सुंदर नातं असं की आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. ज्याला आपण मासा म्हणालो आणि ज्याला घोडा म्हणालो, ते दोघे एकमेकांचे भाऊबंद.

हे कशावरून? डीएनएने सांगितलंच, पण मला त्याहून प्रिय पुरावा एका छोट्या हाडाचा आहे. गाय, हरिण, डुक्कर, उंट यांच्या घोट्यात एक हाड असतं. ते हातात घेतलं तर मुठीत सहज मावतं. त्याच्या वरच्या टोकाला विहिरीवरच्या रहाटाच्या कप्पीसारखी खोबण असते, आणि हाड उलटं केलं की खालच्या टोकालाही तशीच दुसरी खोबण. घोड्याच्या घोट्यात हे हाड वरच्या बाजूला कप्पीसारखं असतं, खाली मात्र सपाट. वाघाच्या, माणसाच्या घोट्यातही खाली कप्पी नसते. दोन्हीकडे कप्पी ही समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असलेल्या प्राण्यांची स्वतःची खूण, आणि पाणघोडा त्यांतलाच. 2001 साली पाकिस्तानातल्या खडकांत सापडलेल्या, मागचे पाय अजून शाबूत असलेल्या प्राचीन देवमाशांचे सांगाडे प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या घोट्यात हेच दोन्हीकडे कप्पी असलेलं हाड होतं. समुद्रात गेलेल्या प्राण्याच्या पायात हरणाचा घोटा. आजच्या देवमाशाला मागचे पाय बाहेर दिसत नाहीत, पण शरीराच्या आत कटीच्या हाडाचे तुकडे शिल्लक असतात. अशा अवयवांना अवशेषांगं म्हणतात. तुमच्याकडेही एक आहे: आरशात डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बघा, गुलाबी मांसल गोळीच्या शेजारी एक बारीक चंद्रकोरी घडी दिसेल. मांजर, पक्षी यांच्या डोळ्यावरून आडवी सरकणारी तिसरी पापणी असते, तिचा हा अवशेष.

याच ओघात समजात आणि समवृत्ती अवयव उरकून घेऊ. माणसाचा हात, देवमाशाचा वल्ह्यासारखा पर आणि वटवाघळाचा पंख यांच्या आत दंडाचं एक हाड, पुढे दोन हाडं, मग मनगट आणि बोटं हाच आराखडा आहे, कारण तो एकाच पूर्वजाकडून आला. हे समजात. पक्ष्याचा आणि फुलपाखराचा पंख काम एकच करतात, पण घडण स्वतंत्र, हे समवृत्ती. परीक्षेत फसवणारा प्रश्न वटवाघूळ आणि पक्षी यांचा असतो. त्यांचे पंख पुढचे पाय म्हणून समजात आहेत, मात्र उडण्याचं साधन म्हणून स्वतंत्रपणे घडलेले: वटवाघळाने बोटांमध्ये कातडं ताणलं आहे, पक्ष्याची बोटं आखडून पिसांवर भार गेला आहे.

आणि इथेच, बघा, मी स्वतः 'वटवाघळाने कातडं ताणलं' असं लिहून गेलो. मराठीत कर्ता ठेवल्याशिवाय वाक्य सहज होत नाही, आणि उत्क्रांतीतल्या बहुतेक चुका त्या कर्त्यापाशी होतात. 'जिराफाने उंच पानं खाण्यासाठी मान लांब केली' हे वाक्य घ्या. कोणत्या जिराफाने? एकाही नाही. जिराफाचं पिल्लू जी मान घेऊन जन्मलं तीच घेऊन मेलं. लामार्कने 1809 मध्ये मांडलं होतं की वापराने अवयव वाढतो आणि ती वाढ पुढच्या पिढीत जाते. आपलं रोजचं वाक्य नकळत तेच म्हणतं. खरं वाक्य लांबलचक आणि ओबडधोबड होतं: जिराफांच्या पूर्वजांच्या समूहात काहींच्या माना थोड्या लांब होत्या, त्या आनुवंशिक होत्या, त्या प्राण्यांची पिल्लं जास्त जगली, आणि पिढ्यान्‌पिढ्या समूहातली मानेची सरासरी लांबी वाढत गेली. यात कर्ता कोणीच नाही. बदल एका प्राण्यात होत नाही, समूहात होतो. कोणताही शब्द आला की मी विद्यार्थ्यांना विचारायला लावतो: हे एकाचं चाललंय की समूहाचं?

हा प्रश्न हाताशी ठेवला की उत्परिवर्तन सुटतं. उत्परिवर्तन म्हणजे डीएनएमध्ये झालेला बदल. तो एकात होतो, आणि गरज बघून होत नाही. हे तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगतो. एका बशीत जीवाणूंच्या वसाहती वाढवल्या, ठिपक्या-ठिपक्यांनी. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली आणि ती त्या बशीवर हलकेच टेकवली. मखमलीच्या केसांना प्रत्येक वसाहतीतले थोडे जीवाणू चिकटले, शिक्क्याला शाई लागावी तसे. मग तोच शिक्का औषध घातलेल्या बशांवर एकामागून एक उमटवला. जवळजवळ सगळे जीवाणू मेले. जे थोडे वाढले ते प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी. याचा अर्थ एकच निघतो. प्रतिकार करणारे जीवाणू मूळ बशीत त्या जागी आधीपासून होते, आणि मूळ बशीने औषध पाहिलंही नव्हतं. औषधाने प्रतिकार निर्माण केला नाही, असलेला निवडला. म्हणूनच 'जीवाणूंना औषधाची सवय झाली' हे वाक्य माझ्या वर्गात चालत नाही. सवय एकाला होते. इथे प्रतिकार नसलेले मेले आणि उरलेल्यांची प्रजा वाढली.

तीच नैसर्गिक निवड. समूहात विविधता हवी, ती आनुवंशिक हवी, आणि तिच्यामुळे कोणाला जास्त व कोणाला कमी संतती व्हायला हवी. या तीन गोष्टी जमल्या की निवड होतेच, तिला निवडणारा लागत नाही. डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले, आणि डार्विनचा ग्रंथ पुढच्या वर्षी आला. 'बळी तो कान पिळी' ही म्हण डार्विनच्या नावावर खपवली जाते, ती कृपया विसरा. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा हर्बर्ट स्पेन्सरचा, 1864 सालचा, डार्विनने तो नंतर उचलला. आणि त्यातला अर्थ बलवान असा नसून त्या परिस्थितीला जुळणारा असा आहे. पट्टकृमीला पचनसंस्था नाही, तोंडही नाही. बळी तो मुळीच नाही, पण यजमानाच्या आतड्यात तयार पोषण मिळतं तिथे तो अगदी चपखल बसतो.

पट्टकृमीमुळे आणखी एक शब्द मोडीत निघतो: 'प्रगत'. उत्क्रांती या शब्दातच 'उत्' म्हणजे वर आहे, त्यामुळे जिना चढल्याचं चित्र डोळ्यासमोर येतं, सर्वांत वरच्या पायरीवर आपण. गुहेतल्या आंधळ्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच. आजचा जीवाणू आपल्याइतकाच जुन्या वंशाचा आहे. दोघांच्याही मागे साडेतीन अब्ज वर्षांहून मोठी अखंड परंपरा उभी आहे.

अनुकूलन हा शब्द मात्र खरोखर दुहेरी आहे, तुमचा गोंधळ योग्य आहे. सपाटीवरचा माणूस उंच पर्वतावर काही आठवडे राहिला की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. खाली आला की पुन्हा कमी होतात, आणि हे मुलांना वारशाने जात नाही. हे एकाचं जुळवून घेणं. तिबेटच्या पठारावर हजारो वर्षं राहणाऱ्या लोकांत ईपास-1 या जनुकाचं एक खास रूप बहुसंख्यांमध्ये आढळतं. त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट आहे: विरळ हवेतही त्यांचं हिमोग्लोबिन फारसं वाढत नाही, त्यामुळे रक्त दाट होऊन होणारा त्रास टळतो. ते रूप डेनिसोव्हन या नामशेष मानवगटाशी झालेल्या संकरातून आलं. हे समूहाचं, वारशाने जाणारं. उत्क्रांतीच्या धड्यात अनुकूलन म्हणतात ते हे. काही पुस्तकांत त्याला अनुयोजन म्हटलेलं असतं, शब्द वेगळा, गोष्ट तीच.

आता माणूस आणि माकड. 'माणूस माकडापासून झाला' हे वाक्य चूक आहे, पण 'माणसाचा माकडाशी संबंध नाही' हे त्याहून चूक. तुमचा चुलतभाऊ तुमचा आजोबा नसतो. तुमचा आणि त्याचा आजोबा एक असतो. चिंपांझी आपला तसा भाऊ आहे, आणि आपला समान पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो आजचा चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. 'मग माकडं अजून का आहेत?' या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. भाषेची अडचण इथेही आहे. मराठीत माकड म्हणजे लाल तोंडाचं, वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, आणि दोघांनाही शेपटी. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना शेपटी नाही, आणि त्यांच्यासाठी बोलीत शब्दच नाही. पुस्तकात कपी किंवा एप म्हणतात, तो शब्द वापरा. या तिघांची गुणसूत्रं 48, आपली 46. दोन कुठे गेली? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालं आहे. गुणसूत्राच्या टोकाला असणारी डीएनएची विशिष्ट अक्षरमाला या गुणसूत्राच्या मध्यात सापडते, जोड दिसेल अशी.

'ही नुसती थिअरी आहे' असं कोणी म्हणालं तर मराठीचा आधार घ्या. तपासून पाहायचा अंदाज म्हणजे गृहीतक. सिद्धांत या शब्दात 'सिद्ध' आहे. भरपूर पुराव्यांना एकत्र बांधणारं स्पष्टीकरण म्हणजे सिद्धांत.

वंशावळ नीट लावली की आपले काही जुने वर्ग डळमळतात. मगरीचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक पाली किंवा साप नव्हेत, तर पक्षी. म्हणजे पक्ष्यांना बाहेर ठेवून केलेला 'सरपटणारे प्राणी' हा वर्ग एखाद्या कुटुंबातून एका सख्ख्या भावाला वगळून काढलेल्या फोटोसारखा आहे. एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, कोणालाही न वगळता, अशा गटाला क्लेड म्हणतात, आणि आजचे अभ्यासक अशाच गटांना मान्यता देतात. पक्षी डायनोसॉरांच्याच वंशात आले, म्हणून 'पक्षी हे डायनोसॉर आहेत' हे विधान त्यांना अलंकारिक वाटत नाही, ते अक्षरशः खरं आहे. शाखावृक्ष, म्हणजे वंशावळीची फांद्यांसारखी आकृती, वाचताना टोकांचा डावा-उजवा क्रम बघू नका. फांद्या गाठीपाशी फिरवता येतात, नातं बदलत नाही. दोन टोकांपासून मागे येत ती कुठे मिळतात, तेवढंच बघायचं.

राहिला शेवटचा प्रश्न. रॉबर्ट व्हिटाकरने 1969 मध्ये पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा (पेशीत स्पष्ट केंद्रक नसलेले, जीवाणूंसारखे), प्रोटिस्टा (केंद्रक असलेले, बहुतेक एकपेशीय), कवके, वनस्पती, प्राणी. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली, आणि मोनेरात ढकललेले काही सूक्ष्मजीव इतर जीवाणूंपासून मुळातच वेगळे निघाले. ते आर्किया. 1990 मध्ये वूज आणि सहकाऱ्यांनी सृष्टीच्याही वर एक पायरी सुचवली, अधिक्षेत्र: जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले सगळे सजीव). तेव्हा पाच आणि तीन हे एकाच प्रश्नाचे दोन आकडे नाहीत, त्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रश्नात 'सृष्टी' किंवा व्हिटाकरचं नाव असेल तर पाच लिहा, 'अधिक्षेत्र' किंवा वूज असेल तर तीन. कवकांना वनस्पतींत घालू नका. भूछत्र जमिनीतून उगवतं, पण त्याच्या पेशीभित्तिकेत खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन असतं, आणि वंशावळीत ते झाडापेक्षा आपल्या जास्त जवळ आहे. विषाणू यातल्या कुठल्याही सृष्टीत बसवलेले नाहीत, त्यांची वर्गवारी वेगळी करतात. पर्यायांत 'मोनेरा' दिसलं तरी तिथे खूण करू नका.